भुसावयहून आलेला विद्यार्थी

प्रथम वर्ष कला वर्गाच्या पहिल्या तासाला मुलांना नाव आणि गाव विचारण्याची रीत आमच्या गुरुजनांनी पाळली होती, आम्हीही ती पाळत आलो आहोत. नावे लगेच लक्षात राहत नाहीत, गावे राहतात. सावदा, निंभोरा, रावेर, वरणगाव, बोदवड, भादली. रेल्वेच्या वेळापत्रकातून उचलून आणल्यासारखी ही यादी दरवर्षी जवळजवळ तीच असते. आणि दरवर्षी तीत दोनचार मुले अशी निघतात, जी आपल्या गावाचे नाव 'भुसावय' असे सांगतात. आमच्या भागातल्या लेवा बोलीत, आणि आसपासच्या इतरही बोलींत, 'ळ'चा 'य' होतो. केळीची 'केयी' होते, डोळ्याचा 'डोया', जळगावचे 'जयगाव'. वर्गात कोणी हसत नाही, कारण निम्म्या वर्गाच्या घरी तसेच बोलतात. मात्र सांगणारा स्वतःच किंचित थांबतो आणि पुष्कळदा दुरुस्ती करतो: 'भुसावळ.' ही दुरुस्ती करायला त्याला कोणी सांगितलेले नसते. तो अजून आमचे एक वाक्यही ऐकलेला नसतो.

ह्या एका अक्षराच्या दुरुस्तीमागे बराच मोठा इतिहास आहे. खानदेशातला विद्यार्थी पदवीच्या शिक्षणासाठी कोठे गेला, तेथे काय खाल्ले, कोठे झोपला, कोणती भाषा बोलला आणि तेथे रुळला की नाही, असा तो इतिहास आहे. मराठीत नव्या जागी जम बसण्याला 'रुळणे' म्हणतात. भुसावळसारख्या गावात हा शब्द उच्चारताना रेल्वेचे रूळ आठवल्यावाचून राहत नाहीत; व्युत्पत्तीचा तेथे काय संबंध असेल तो असो. शिक्षणसंस्थांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. त्यांत देणगीदार असतात, कोनशिला असतात, प्राचार्यांची छायाचित्रे असतात. नवखा विद्यार्थी मात्र त्यांत आकड्यापुरता असतो. तो शोधायचा तर साहित्याकडेच जावे लागते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांतले महादेव गोविंद रानडे निफाडला जन्मलेले आणि कोल्हापुरात शिकलेले, तर रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणला जन्मलेले आणि रत्नागिरीत शिकलेले. म्हणजे पदवीधर होणे आणि गाव सोडणे ह्या दोन गोष्टी मराठी समाजात पहिल्या दिवसापासून एकत्रच आल्या. खानदेशाला हे गाव सोडणे इतरांपेक्षा लांबचे पडले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळला १८६०च्या दशकात आली, मनमाड-दौंड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि पुण्यात फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली निघाले. पुढची साठ वर्षे पूर्व खानदेशातल्या मॅट्रिक झालेल्या मुलाचा रस्ता ह्या तीन गोष्टींनी आखला गेला. भुसावळला किंवा जळगावला गाडीत बसायचे, मनमाडला गाडी बदलायची, दौंडवरून पुणे गाठायचे. ज्याला पुणे परवडत नसे किंवा मानवत नसे त्याने सरळ मुंबईला जायचे. कारण १९४५च्या आधी खानदेशात पदवीचे महाविद्यालय नव्हते.

ह्या काळातल्या गरीब विद्यार्थ्याची एक ठरावीक कथा आपल्या चरित्रवाङ्मयात घडत गेली. गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण सर्वांना पाठ आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा मुलगा शिक्षणासाठी अकोल्यापर्यंत आला, तेथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, आणि एकाच सदऱ्यावर दिवस काढून शिकला. आगरकरांचे थोरपण वादातीत आहे. पण त्या सदऱ्याची पुढे एक साचेबंद कथा झाली. माधुकरी, वार लावून जेवण, म्युनिसिपालिटीचा दिवा आणि शेवटी पदवी. ह्या कथेत अडचण नेहमी बाहेरची असते, म्हणजे गरिबीची. आणि कॉलेज हे नेहमी फळ असते. नवखा विद्यार्थी तेथे उपाशी असतो, परंतु परका नसतो. त्याला कॉलेजात काय वाटले, हा प्रश्न चरित्रकाराला पडतच नाही.

शिवाय वार लावण्याची सोय ही काही सर्वांची सोय नव्हती. परगावच्या मुलाला कोण जेवायला बोलावणार, हे त्याच्या जातीवर ठरे. जातीने वरच्या मुलाला पुण्यात सात वारांना सात घरे मिळू शकत. शेतकऱ्याच्या मुलाला, आणि अस्पृश्य गणलेल्या मुलाला तर मुळीच, ती मिळत नसत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि नंतर निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली, त्यामागे हे साधे कारण होते. महाविद्यालय कोणासाठी खुले आहे, हे प्रवेशाच्या नियमांपेक्षा मुलगा रात्री कोठे जेवतो ह्यावरून अधिक ठरते. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी पक्की कळलेली होती. आज ती आम्ही विसरलो आहोत, तिकडे पुढे येऊच.

खानदेशात ही गोष्ट ज्याला सर्वांत आतून कळली तो माणूस मूळचा खानदेशचा नव्हता. पांडुरंग सदाशिव साने कोकणातल्या पालगडचे. घर सोडून औंधला शिकायला गेले, मग पुण्याला. तेथली उपासमार, परक्या घरांतले राहणे, मित्रांच्या आधाराने काढलेले दिवस, हे सारे त्यांनी 'धडपडणारा श्याम' आणि 'श्यामचा जीवनविकास' ह्या पुस्तकांत सांगितले आहे. 'श्यामची आई' घरोघरी वाचली गेली. ही दोन पुस्तके मात्र आमचे विद्यार्थीही क्वचितच वाचतात. वस्तुतः नव्या गावी शिकायला आलेल्या मुलाचे मन मराठीत त्यांत पहिल्यांदा इतके उघडे झाले आहे. पुढे प्रताप शेठांनी अमळनेरला काढलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात साने आले, १९२४ साली तिथल्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले, आणि छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, हे त्यांनी केले ते सर्वश्रुत आहे. आम्हांला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांचे हस्तलिखित दैनिक. 'छात्रालय' नावाचे हे दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि मुलांना वाचायला लावत असत. परगावाहून आलेल्या मुलाला ज्या जागेत राहायचे त्या जागेचेच रोजचे वर्तमानपत्र! ज्याला आपल्या राहण्याच्या जागेविषयी रोज सकाळी काही वाचायला मिळते तो तेथे उपरा राहत नाही. १९३० साली गुरुजी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात गेले. अमळनेरच्या त्या सहा वर्षांत त्यांनी शाळेतली मुले सांभाळली, कॉलेजातली नव्हे, हे खरे. पण रुळणे म्हणजे काय आणि त्यासाठी शिक्षकाला काय करावे लागते, ह्याचे खानदेशातले सर्वांत मोठे उदाहरण तेच आहे. त्यानंतर आमच्या पेशातल्या कोणी एवढ्या पहाटे उठल्याचे ऐकिवात नाही.

१९४५ साली अमळनेरला प्रताप कॉलेज निघाले आणि त्याच सुमारास जळगावला मूळजी जेठा कॉलेज. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि मुंबई विद्यापीठाकडून खानदेश त्याच्याकडे गेला. आता पदवीसाठी पुण्याला जाण्याची सक्ती राहिली नाही. ओढ मात्र राहिली. चांगल्या गुणांनी मॅट्रिक झालेला, घरी थोडीबहुत शेती असलेला मुलगा पुण्यालाच जाई. भुसावळहून तापी ओलांडली की यावल तालुका लागतो. त्यातल्या सांगवी गावचा असाच एक मुलगा १९५५ साली मॅट्रिक होऊन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेला. भालचंद्र नेमाडे ह्यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली तेव्हा लेखक पंचवीस वर्षांचे होते. सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, वसतिगृहात राहतो, आणि शेवटी सांगवीला परत येतो, ह्यापलीकडे कथानक म्हणून तीत फारसे काही नाही. तरीही मराठी कादंबरी तेथून वेगळी चालू लागली.

'कोसला'वर इतके लिहिले गेले आहे, की आणखी लिहिताना संकोच वाटतो. अस्तित्ववाद, परात्मता, देशीयता, ह्या साऱ्या चर्चा आम्ही वर्गात करतोच. परीक्षेत त्यांवर सोळा गुणांचा प्रश्न येतो. पण कॉलेजात नव्याने आलेल्या मुलाच्या इतिहासात ही कादंबरी कोठे बसते, ह्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे वाटते. आगरकरांच्या सदऱ्याच्या कथेला छेद देणारी ही पहिली मोठी कृती आहे. पांडुरंग गरीब नाही. वडील गावातले वजनदार शेतकरी आहेत, पैसे पाठवतात, आणि पांडुरंग ते उडवतो. त्याला माधुकरी मागावी लागत नाही; उलट तोच मेस चालवायला घेतो आणि आतबट्ट्यात येतो. तो बुजरा कोपऱ्यात बसणारा मुलगाही नाही. संमेलनात, मंडळात, निवडणुकीत सगळीकडे तो हिरिरीने शिरतो. आजच्या भाषेत बोलायचे तर कॉलेजजीवनात 'सहभागी' होण्याच्या सर्व परीक्षा तो उत्तीर्ण होतो. आणि तरी रुळत नाही. म्हणजे अडचण गरिबीची नव्हती. कॉलेज म्हणून जे काही होते तेच अडचण होते. चरित्रांनी जे फळ म्हणून दाखवले ते ह्या मुलाने चाखले आणि थुंकले.

कादंबरीच्या भाषेत हे अधिकच स्पष्ट होते. 'वगैरे' आणि 'थोर' हे पांडुरंगचे दोन शब्द प्रसिद्ध आहेत. ते खानदेशी बोलीतले नव्हेत. ते शिकलेल्या, व्याख्यानांच्या, सभांच्या मराठीतले आहेत. पुण्याची प्रमाण भाषा ह्या मुलाने उत्तम आत्मसात केली, आणि मग ती तिरकी धरून वापरली. 'भुसावय'ची 'भुसावळ' अशी दुरुस्ती करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याच्या आणि पांडुरंगच्या वागण्यात हाच फरक आहे. पांडुरंगनेही दुरुस्ती केली असणार. पण ती करताना त्याला हसू आले. हे हसू यायला सहा वर्षे पुण्यात राहावे लागले. खोलीत पडून राहावे लागले, रात्री भटकावे लागले, मित्रांशी निरर्थक बोलत बसावे लागले. परकेपण पूर्ण भोगायलाही एक जागा लागते आणि पुष्कळ रिकामा वेळ लागतो. हा वेळ आणि ही जागा त्याला बापाच्या पैशाने मिळाली, हे विसरून चालणार नाही.

येथे दुसरा एक योगायोग नोंदवावासा वाटतो. नेमाड्यांच्या पिढीतली मुले पुण्याला जायच्या केवळ तीन वर्षे आधी, १९५२ साली, 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली होती. शाळेची पायरी न चढलेल्या, १९५१ साली वारलेल्या ह्या जळगावच्या बाईची कविता तिचे पुत्र सोपानदेव ह्यांनी जपली, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती महाराष्ट्रापुढे आली. जी बोली वसतिगृहात लपवायची, तीच बोली त्याच वेळी पुण्या-मुंबईचे रसिक डोक्यावर घेत होते. कवितेत चालणारा 'य' तोंडी परीक्षेत चालत नव्हता. अजूनही चालत नाही. बहिणाबाई शिकवताना आम्ही 'य' मोठ्या प्रेमाने उच्चारतो, आणि पुढच्याच तासाला निबंधात तो तांबड्या शाईने खोडतो.

परत येणाऱ्यांत पांडुरंग सांगवीकर एकटा नाही. ना. धों. महानोर हे अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेडचे. जन्म १९४२चा. शाळा पळसखेड, पिंपळगाव, शेंदुर्णी अशी गावोगावी झाली आणि कॉलेजसाठी ते जळगावला आले. पहिले वर्ष झाले आणि शिक्षण सोडून ते शेतावर परतले. 'रानातल्या कविता' १९६७ साली आली. २०२३ साली ते गेले तेव्हा आमच्या विभागात शोकसभा झाली, तीत वक्त्यांनी त्यांच्या कवितेविषयी, विधान परिषदेतल्या कामाविषयी, शेतीतल्या प्रयोगांविषयी भरभरून सांगितले. पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडलेला विद्यार्थी म्हणून त्यांचा विचार कोणी केला नाही. केला असता तर अवघड झाले असते, कारण सभागृहातल्या मागच्या रांगांत त्या वर्षी कॉलेज सोडणारे कोण बसले होते ते आम्हांला ठाऊक नव्हते.

ह्या दोन उदाहरणांवरून न रुळण्याचे कौतुक करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. परत गेलेल्यांतून एखादा 'कोसला' येतो, एखादी 'रानातल्या कविता' येते. बाकीचे नुसतेच परत जातात. आमच्यापैकी एकजण पूर्वी दुसऱ्या गावी शिकवीत असताना प्रथम वर्षातला एक मुलगा दिवाळीनंतर यायचा बंद झाला. परीक्षेचे अर्ज भरताना लिपिकाने विचारले तेव्हा तो नाही हे कळले. तोपर्यंत तीन महिने झाले होते. पुढे दोन वर्षांनी तो एका गावाबाहेर ट्रकमध्ये केळीचे घड रचताना भेटला. ओळख त्याने दिली. का सोडलेस, असे विचारल्यावर तो म्हणाला की कॉलेजात त्याला काही त्रास नव्हता. 'कुनाशी बोलनंच नाही झालं,' एवढेच. चार महिन्यांत एकाही माणसाशी बोलणे झाले नाही! ह्यात कोणाचा गुन्हा शोधायचा तर तो ज्याने रोज हजेरी घेतली त्याचाच, आणि तो हे लिहिणाऱ्यांत आहे.

असे का होते, ह्याचे उत्तर १९६०नंतरच्या घडामोडींत आहे. महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास, यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळाली. तालुक्यातालुक्यांत शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. १९३६ साली ज्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेथे १९६१ साली धनाजी नाना महाविद्यालय निघाले. भुसावळला १९६३ साली महाविद्यालय आले. तेच 'कोसला'चे वर्ष. सांगवीच्या मुलाला आता पुण्याला जाण्याची गरज उरली नाही. तापी ओलांडली की झाले. सकाळची गाडी, दुपारी परत, संध्याकाळी घरच्या शेतात. ह्याला आमच्याकडे 'अप-डाऊन' म्हणतात. रेल्वेचा हा शब्द इतका मुरला आहे, की 'तू कोठे राहतोस' ऐवजी 'तू अप-डाऊन करतोस का' असेच विचारले जाते.

ह्या बदलाने जे दिले ते फार मोठे आहे, आणि त्याविषयी तक्रारीचा सूर लावणे आम्हांला शोभणार नाही. 'कोसला' शिकवताना आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अनेक वर्षे आमच्यात फिरतो आहे. पांडुरंगची धाकटी बहीण मनी लहानपणीच मरते. कादंबरीतला तो सर्वांत हृदय पिळवटणारा भाग. त्यावर बोलून झाल्यावर ही मुलगी म्हणाली, 'सर, मनी जगली असती तर तिला पुण्याला पाठवली असती का?' वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. उत्तर सर्वांना माहीत होते. १९५५ साली सांगवीहून पुण्याला जाऊन रुळणे किंवा न रुळणे, हे दोन्ही मुलग्याचेच अधिकार होते. आज आमच्या वर्गात मुली मुलांहून जास्त दिसतात त्या केवळ अप-डाऊनमुळे. सकाळी गेलेली मुलगी दुपारी घरी येते, ह्या एका अटीवर हजारो घरांनी मुलींना पदवीपर्यंत जाऊ दिले आहे. वसतिगृहाची अट असती तर त्या बारावीलाच थांबल्या असत्या. हे श्रेय गावोगावच्या महाविद्यालयांचे आणि पॅसेंजर गाड्यांचे आहे. २०२० साली टाळेबंदीत त्या गाड्या थांबल्या तेव्हा कोणाचे शिक्षण कशावर उभे होते ते दिसले.

तरीही एक गोष्ट गमावली. महाविद्यालय गावाजवळ आले, छात्रालय आले नाही. विद्यार्थ्याला आता परगावी राहावे लागत नाही, म्हणून तो परका राहत नाही, असे आम्ही गृहीत धरले. प्रत्यक्षात तो कोठेच राहत नाही. साडेसातचा तास, अकराची गाडी. मधल्या वेळात फलाटावर जी मैत्री होते तेवढीच त्याची मैत्री. ग्रंथालय दुपारी उघडे असते, पण तो नसतो. वादविवाद मंडळाची सभा तीनला ठेवली की भुसावळ शहरातली चार मुले येतात. पांडुरंग सांगवीकरला कॉलेजचा कंटाळा यायला निदान कॉलेजात असावे लागले होते. आमच्या विद्यार्थ्याला कंटाळण्याइतकाही मुक्काम नाही. 'कोसला' शिकवताना हल्ली मुले विचारतात, की एवढी खोली होती, मेस होती, घरून पैसे येत होते, मग हा परत का आला? पूर्वी हा प्रश्न आम्हांला अडाणीपणाचा वाटे. आता वाटत नाही.

आणि आमच्यापैकी दोघे जळगावहून रोज येतात. तेही अप-डाऊनच करतात. शेवटचा तास संपायच्या आधी ज्यांची नजर घड्याळाकडे जाते ते सगळे विद्यार्थीच असतात असे नाही.

१५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला स्थापन झाले आणि खानदेश पुण्यापासून वेगळा झाला. गिरणेकाठी परिसर उभा राहिला. २०१८ साली विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव दिले गेले. निरक्षर कवयित्रीचे नाव विद्यापीठाला लाभावे ह्यात आनंद मानण्यासारखे पुष्कळ आहे. नव्या विद्यार्थ्याच्या स्वागतासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'दीक्षारंभ' नावाचा उपक्रम आखून दिला. नवागतांची ओळख, परिसर दाखवणे, मार्गदर्शक शिक्षक नेमणे, असे त्याचे स्वरूप आहे. हेतू चांगला आहे आणि नाव भारदस्त आहे. आमच्याकडे तो सभागृहात होतो. स्वागत, दीपप्रज्वलन, नियमांची माहिती, रॅगिंगविरोधी कायद्याची माहिती, आभार. राज्याचा तो कायदा १९९९चा. त्याची गरज आहेच. फक्त आमच्या मुलांना छळायलाही वरच्या वर्गातला कोणी थांबलेला नसतो. कार्यक्रमाच्या शेवटी छायाचित्रे काढून अहवालाला जोडली जातात. अमळनेरच्या त्या हस्तलिखित दैनिकाचे नाव ह्या अहवालांत येण्याचे कारण नाही, पण ते वाचताना दर वेळी आठवते खरे.

जळगाव-भुसावळ मार्गावर भादली स्टेशन लागते. ५ मे १९१८ रोजी बालकवी तेथे रेल्वेखाली सापडून गेले. जन्म जवळच्याच धरणगावचा. आयुष्य गावोगाव फिरण्यात गेले, औपचारिक शिक्षण थोडकेच झाले. भादलीहून येणाऱ्या मुलांना आम्ही हे दरवर्षी सांगतो. त्यांना ते आधीपासून माहीत असते, पण 'आमच्या स्टेशनावर' असे म्हणून कोणीतरी पहिल्यांदा वर्गात तोंड उघडतो. हा आमचा जुना खात्रीचा उपाय आहे. सावदा-निंभोऱ्याच्या मुलांसाठी असा मोठा कवी आमच्याजवळ नाही. त्यांच्याशी केळीच्या भावावर बोलावे लागते, आणि त्यात त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते. एका अर्थी ते बरेच आहे.

यंदा आम्ही एक साधा बदल केला. दोन तासांच्या मधले अर्धे तास मोकळे ठेवून त्या वेळात विभागाची खोली उघडी ठेवली. कोणी यायचे, बसायचे, डबा खायचा, वाटल्यास बोलायचे. पहिल्या आठवड्यात कोणी आले नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन मुली आल्या, कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन. खिडकीपाशी पाठ करून बसल्या आणि पंचवीस मिनिटे आपसांत बोलत राहिल्या. शुद्ध लेवा बोलीत. आम्ही वर्तमानपत्रात डोके घातले. निघताना त्यांतली एक म्हणाली, 'सर, येतो आम्ही,' आणि दार ओढून घेतले.

हजेरीपटावर गावाच्या रकान्याशेजारी आता गाडीची वेळही लिहून घेतली आहे. तास ठरवताना तिचा उपयोग होईल असे वाटले. एका मुलाने ती जागा कोरी सोडली होती. कोणत्या गाडीने येतोस, असे विचारले. तो उभा राहिला, जरा थांबला.

'गाडीनं नाही सर. मी गावातलाच, भुसावयचा. रुयाच्या पल्याड राहतो.'

ह्या वेळी त्याने दुरुस्ती केली नाही. आम्हीही केली नाही.